डांबर की काँक्रीट, हे सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. मिरजेजवळ ११ प्लॉटचं एनए (बिगरशेती) लेआउट आहे. ७ बंगले झालेत, ४ प्लॉट रिकामे आहेत. मधून १६५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असा पुढे बंद असलेला खाजगी रस्ता जातो. प्लॉट पाडणाऱ्यानं टाकलेलं डांबर तीन पावसाळ्यांत उखडलं. आता तीन कोटेशन आलीत: एक डांबराचं, एक ट्रिमिक्स काँक्रीटचं (ओतल्यावर जादा पाणी व्हॅक्यूमनं ओढून घेतात ते), एक पेव्हर ब्लॉकचं. यातलं कुठलं घ्यावं? आणि पहिल्या प्लॉटचे मालक म्हणतात, "मी दहा मीटरच वापरतो, १६५ मीटरचे पैसे का देऊ?" त्यांना काय सांगायचं?

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं रस्त्यांची कामं करतोय. त्यात मोठे रस्ते कमी आणि असे गल्लीबोळातले, लेआउटमधले, शेतघराकडे जाणारेच जास्त. तुमची तिन्ही कोटेशन वाचली. तिन्हीत एक शब्द कुठेच सापडला नाही, तो म्हणजे गटार. दुसरा न सापडलेला शब्द मुरूम. तिघेही वरच्या दोन ते सहा इंचांबद्दल बोलताहेत. तुमचा रस्ता मोडलाय तो त्याच्या खाली.

म्हणून कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी एक खड्डा खणा. जिथं रस्ता सगळ्यात जास्त खचलाय तिथं, दोन फूट बाय दोन फूट, खोली तीन फूट. पहार, फावडं आणि एक गडी, अर्ध्या दिवसाचं काम. काय दिसेल ते मी न बघताही सांगतो. वर दीड-एक इंच डांबराचा पापुद्रा, त्याखाली चार-पाच इंच खडी आणि त्याखाली थेट काळी माती. त्या खडीतला एक दगड हातात घ्या. त्याच्यावर चिखलाचा गुळगुळीत लेप असेल, खालच्या बाजूला जास्त. पावसाळ्यात माती मऊ होते, वरून चाक गेलं की खडी खाली दबते आणि चिखल फटीतून वर येतो. तीन पावसाळे हे चाललं की खडी आणि माती यांचा काला होतो. मग वर काय टाकलंय याला काही अर्थ उरत नाही. डांबर टाका नाहीतर संगमरवर.

काळी माती किती फुगते हे बघायची एक सोपी चाचणी आहे. प्रयोगशाळेत १० ग्रॅम वाळवलेली, बारीक चाळलेली माती १०० मिलीच्या दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. २४ तासांनी वाचन घेतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये ११ मिलीवर बसली आणि पाण्यात १८ वर गेली, तर फुगवटा साधारण ६४ टक्के झाला. ५० च्या वर गेलं की ती माती रस्त्याखाली नको. घरी चहाच्या गाळणीतून चाळून औषधाच्या मापाच्या बाटल्यांत केलंत तरी अंदाज येतो. (हल्ली रॉकेल मिळवणं हीच खरी परीक्षा आहे.) मिरजेच्या त्या बाजूची माती मी पाहिलीय, निकाल फार वेगळा येणार नाही.

यावर माझा उपाय एकच, आणि तो कोणाला आवडत नाही कारण तो दिसत नाही. रस्त्याच्या पट्ट्यातली काळी माती दीड ते दोन फूट काढायची, दोन्ही कडांना आणखी फूटभर जास्त. तळाला नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल अंथरायचं. हे जाड कापडासारखं असतं, त्यातून पाणी जातं पण चिखल वर येत नाही. त्यावर चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून आणि रोलर फिरवून. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा इंच दबतात आणि खालचा भाग भुसभुशीत राहतो. हा प्रकार इतका सर्रास चालतो की मी आता थर पडताना साइट सोडत नाही. तुमच्यापैकी कोणी निवृत्त असतील तर त्यांना चार दिवस खुर्ची टाकून तिथं बसवा. त्यांनी फक्त थर मोजायचे.

मुरमावर सहा ते नऊ इंच खडीकरण. ४० मिमीची खडी, फटींत बारीक खडी, वर मुरमाचं बाइंडिंग, म्हणजे खडी बांधून धरणारा थर, आणि पुन्हा रोलर.

आता पाणी. तुमचा रस्ता १६५ गुणिले ६, म्हणजे ९९० चौरस मीटर. एका दणक्यात ५० मिमी पाऊस झाला तर नुसत्या रस्त्यावर जवळपास पन्नास हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर. यात सात बंगल्यांच्या गच्च्यांचे पाइप धरलेलेच नाहीत, आणि ते बहुतेक रस्त्यावरच सोडलेले असतील. हे पाणी जातं कुठं, ते कोटेशन देणाऱ्याला विचारा. "उतार देतो साहेब" एवढंच उत्तर आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सहा मीटरांत पूर्ण रुंदीला रस्ता पक्का करायची गरज नाही. ३.७५ मीटर पक्का रस्ता, एका बाजूला गटार, उरलेली मुरमाची साइडपट्टी. एवढ्या अरुंद रस्त्याला मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार देण्यापेक्षा मी एकाच बाजूला उतार देतो. दोन टक्के धरले तर ३.७५ मीटरांत ७५ मिमी, म्हणजे तीन इंच. गटार एकच लागतं, साफ करायलाही एकच. मग भांडण होतं ते गटार कोणाच्या दारात यावरून. ते जमिनीवर सोडा: ज्या बाजूची जमीन आधीच खाली आहे, गटार त्याच बाजूला.

गटाराला लांबीच्या दिशेनं निदान दोनशेला एक उतार हवा. १६५ मीटरला ८२ सेंटिमीटर होतात. सपाट रानात एवढी पातळी मिळेलच असं नाही. पक्कं, गुळगुळीत बांधलेलं गटार असेल तर तीनशेला एकवरही चालतं, म्हणजे ५५ सेंटिमीटर. पण शेवटाला पाणी कशात पडणार? ओढा, नाला, की ग्रामपंचायतीचं गटार? त्याची पातळी तुमच्या गटारापेक्षा खाली आहे का, हे काम सुरू व्हायच्या आधी लेव्हल मशीन लावून बघा. नुसता अंदाज घ्यायचा तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळीही पुरते.

आणि रॅम्प. गाडी आत घ्यायला प्रत्येक जण गेटसमोर गटारावर काँक्रीट ओतून रॅम्प करतो, खाली नावाला चार इंची पाइप टाकतो. पहिल्याच पावसात त्यात प्लास्टिकची पिशवी अडकते. सात गेट म्हणजे सात बंधारे. एका लेआउटमध्ये आम्ही एक रॅम्प फोडला तर खालून नारळाची करवंटी, एक चप्पल आणि घमेलंभर गाळ निघाला. मालक म्हणाले, "पाइप मोठाच टाकलाय की!" पाइप होता सहा इंची. रॅम्प स्वतःच्या कंपाउंडच्या आत घ्या, किंवा गटारावर उचलता येईल असं आरसीसी झाकण टाका. पाइपच टाकायचा असेल तर ३०० मिमीच्या खाली नको.

पातळीचीही गोष्ट आहे. जुन्या रस्त्यावर नवा थर, पाच वर्षांनी त्यावर आणखी एक, असं करत करत रस्ता वर आणि अंगण खाली जातं. मग पावसाचं पाणी पोर्चमध्ये. सगळ्यात खालचं जोतं कोणाचं आहे ते शोधा, त्या घराच्या गेटच्या खांबावर जोत्याच्या पातळीला ऑइलपेंटनं खूण करा. तयार रस्ता त्या खुणेच्या किती खाली राहील हे करारात लिहून घ्या. मी साधारण सहा इंच ठेवतो.

आता वाहनं. तुम्ही लिहिलंय, "आमच्याकडे फक्त कार आणि स्कूटर." पण त्याच पत्रात पुढे उन्हाळ्यात टँकर येतो असंही लिहिलंय. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन नुसतं पाणी, वर गाडीचं वजन. रस्त्याचं नुकसान वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ते साधारण चौथ्या घातानं वाढतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून हे मोजलं, आणि आपली गणितंही त्याच पायावर उभी आहेत. कारच्या एका आसावर साधारण ६०० किलो आणि टँकरच्या मागच्या आसावर ९ टन धरा. पंधरा पट. पंधराचा चौथा घात पन्नास हजारांच्या वर जातो. म्हणजे टँकरचा मागचा आस एकदा गेला की कारचे पन्नास हजार आस गेल्यासारखं. तुमचा रस्ता टँकरसाठीच बांधायचा आहे, कार त्यावरून फुकटात जातात.

त्यात चार प्लॉट रिकामे. चार बंगले उभे राहायचे म्हणजे विटा, सळई, क्रश सँडचे डंपर आणि स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे मिक्सर. सहा घनमीटर भरलेला मिक्सर पंचवीस टनांच्या आसपास जातो. शिवाय नव्या घराचं नळ कनेक्शन, ड्रेनेज, उद्या पाइप गॅस. प्रत्येक जण रस्ता आडवा फोडणार.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित कंजूषपणाचा वाटेल. या वर्षी वरचा थर करूच नका. माती काढणं, मुरूम, खडीकरण, गटार एवढंच करा आणि खडीवर एक पावसाळा काढा. प्रत्येक प्लॉटसमोर रस्त्याखालून आडवे दोन पीव्हीसी पाइप मोकळे टाकून ठेवा, एक ११० मिमीचा आणि एक १६० चा. दोन्ही टोकं बंद करा आणि कंपाउंडच्या भिंतीवर बाणाची खूण करा. उद्या कोणालाही लाइन टाकायची असेल तर त्यातून सरकवेल.

खडीवर पावसाळा काढायचा म्हणजे काय? धूळ होईल, स्कूटर जपून चालवावी लागेल, सासूबाई कुरकुर करतील. पण पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठं तुंबतं त्याचे फोटो काढा. पाऊस उघडला की प्रत्येक डबक्याच्या कडेनं खुंट्या ठोका. कुठली जागा खचली, गटार कुठं उलटं वाहतंय, हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये रस्ता स्वतःच दाखवतो. ऑक्टोबरमध्ये त्या जागा भरून पुन्हा बाइंडिंग करून रोलर मारायचा, आणि मग वरचा थर. खडीवर चूक सुधारायला एक ट्रॉली मुरूम लागतो. काँक्रीटवर तीच चूक सुधारायला ब्रेकर लागतो.

वरच्या थराचं माझं मत पेव्हर ब्लॉककडे आहे. कारण पुन्हा तेच: चार घरं व्हायचीत. ब्लॉक उचलता येतात आणि परत बसवता येतात. पण कोटेशनमध्ये ६० मिमीचे ब्लॉक आहेत, ते टँकरखाली टिकणार नाहीत. ८० मिमीचे, एम-४० चे (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) घ्या. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस १५६५८ मध्ये, मध्यम वाहतुकीला हेच सांगितलंय. ब्लॉकचा कस बघायची घरगुती रीत: कोरडा ब्लॉक वजन करा, एक दिवस बादलीत बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. सरासरी सहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायला नको. चार किलोचा ब्लॉक २४० ग्रॅमच्या आत वाढला पाहिजे. भट्टीत न वाळवता केलेली ही चाचणी कच्चीच, पण वाईट माल त्यातही उघडा पडतो.

ब्लॉकचा रस्ता कडेनं मरतो. दोन्ही कडांना काँक्रीटची पक्की किनार नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, मधल्या फटी रुंदावतात, आणि एक ब्लॉक डुगडुगायला लागला की शेजारचे चार त्याच्या मागे. खाली वाळूचा थर २५ ते ४० मिमी, जास्त नाही. खडीकरणातला खड्डा वाळूनं भरून सपाट करायचा मोह प्रत्येक गवंड्याला होतो. तिथं पुढच्या वर्षी नेमका तेवढाच खळगा पडतो. मांडणी तिरकी एकमेकांत अडकणारी, म्हणजे हेरिंगबोन. सरळ ओळी दिसायला बऱ्या, पण चाक वळलं की हलतात.

डांबर तुम्हाला नको. डांबराचा वैरी पाणी, आणि तुमच्याकडे टँकर सांडतो, अंगणातली गाडी धुतलेली वाहते. शिवाय कामाचा आकार लहान. २० मिमीचं कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, ३.७५ रुंदीला केलं तर सगळं मिळून २७ टनांच्या आसपास मिक्स होतं, दोन-तीन डंपर. हॉटमिक्स प्लँट लांब असेल तर डंपर येईपर्यंत, पसरेपर्यंत माल गार होतो. वरून काळं कुळकुळीत दिसतं, आतून पोकळ.

काँक्रीटच हवं असा बहुमत झाला तर निदान चारही घरं होईपर्यंत थांबा. नंतर करताना खाली चार इंच पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), त्यावर प्लॅस्टिक कागद, वर सहा इंच एम-३०. तुमच्या लांबीला ९३ घनमीटर, म्हणजे जवळपास ३३ ब्रास, पंधरा-सोळा मिक्सर. मिक्सरचा ड्रायव्हर पाणी वाढवायला निघाला की थांबवा. ट्रिमिक्समध्ये जादा पाणी व्हॅक्यूमनं ओढून घेतात हे खरं, पण म्हणून आमटीसारखं काँक्रीट ओतायचं असं नाही.

आणि काँक्रीटमध्ये जॉइंट कापणारं कटर मशीन काम सुरू व्हायच्या आधी साइटवर उभं पाहिजे. हे मी माझ्या खर्चानं शिकलो. एप्रिल महिना, दुपारी दोनला शेवटचा मिक्सर रिकामा झाला. कटरवाला "रात्री येतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी अकराला उगवला. मी सकाळी सातला गेलो तेव्हा तिसऱ्या पॅनलमधून केसाएवढा तडा तिरका निघून ड्रेनेज चेंबरच्या कोपऱ्याला भिडला होता. आपण वेळेवर जॉइंट पाडले नाहीत तर काँक्रीट त्याला वाटेल तिथं पाडतं. उन्हाळ्यात पाय उमटेनासा झाला की काही तासांतच कापायला हवं, जाडीच्या निदान पाव खोलीपर्यंत, दर पावणेचार-चार मीटरवर. एक जॉइंट चेंबरच्या कडेवरून जाईल अशी आखणी आधीच करा. मग चौदा दिवस वाफे बांधून पाणी भरून ठेवायचं आणि महिनाभर टँकर बाहेरच. टँकरशिवाय महिना कसा काढायचा, हे आधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत काम केलंत तर हा प्रश्न बराच सोपा होतो.

पैशाचं. पहिल्या प्लॉटचे मालक पूर्ण चुकीचे नाहीत, पण रस्त्याच्या तोंडाशी अकराही घरांची चाकं त्यांच्याच दारावरून जातात. तिथला भाग सगळ्यात आधी मोडतो आणि धूळ त्यांच्याच घरात जाते. मी अशा ठिकाणी एक तोडगा सुचवतो. खर्चाचा अर्धा भाग सगळ्यांत समान आणि अर्धा प्रत्येकाच्या गेटपर्यंतच्या अंतरावर. तुमच्या लांबीला ढोबळ हिशेब केला तर पहिल्या घराला शंभरातले पाच, शेवटच्याला तेरा येतात. समान वाटणीत प्रत्येकाला नऊ. बहुतेक वेळा हे आकडे कागदावर मांडले की आवाज खाली येतो. गटाराचा खर्च मात्र समानच, त्यात अंतर आणू नका. रिकाम्या प्लॉटवाल्यांनीही द्यायचा. प्लॉटची किंमत रस्त्यामुळेच वाढते, हे ते विकताना बरोबर सांगतात.

एक नियम लिहून ठेवा. जो बांधकाम काढेल त्यानं आधी अनामत ठेवायची, रस्त्याचे फोटो काढायचे, आणि काम संपल्यावर नुकसान वजा करून परत घ्यायची. हा कागद नसेल तर पहिल्याच डंपरनंतर मैत्री संपते.

त्याआधी रस्त्याची जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावावर आहे ते काढा. अनेकदा ती मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते. मंजूर लेआउट आणि प्रत्येकाच्या खरेदीखतातला रस्त्याचा उल्लेख जुळतो का, हे वकिलाला दाखवा, आणि तुमच्यातला करारही त्यांच्याकडूनच करून घ्या. माझं क्षेत्र खडीपर्यंतच.

देखभालीला फार काही नाही, पण तारखा पाळा. मेच्या मध्यात गटार आणि झाकणांखालचा गाळ काढणं. पावसाळ्यानंतर ब्लॉकच्या फटीत कोरडी बारीक वाळू झाडून भरणं, कारण मुंग्या आणि पाऊस ती काढून नेतात. गवत उपटणं. साइडपट्टी खचली तर मुरूम. खड्डा पडला तर त्यात घराचा राडारोडा टाकू नका. विटांचे तुकडे पाणी धरून ठेवतात आणि खड्डा दुप्पट होतो. गतिरोधक करायचाच असेल तर गटाराच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडा, नाहीतर तोच बांध होतो.

तर आधी खड्डा. त्यात मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, खडी आणि मातीचे थर दिसले पाहिजेत, आणि मला पाठवा. बुजवताना मात्र निघालेली काळी माती परत आत ढकलू नका, दोन घमेली मुरूम मागवा आणि धुमसानं ठोकून भरा.